पांढऱ्या काविळीचा केसपेपर : हिपॅटायटिस ओपीडीत नव्याने बसणाऱ्या सिस्टरसाठी

या ओपीडीत समोर येऊन बसणारा माणूस बहुतेक वेळा धडधाकट असतो. डोळे स्वच्छ, भूक चांगली, सकाळी बागेत फवारणी उरकून आलेला. रक्तदान शिबिरात रक्त दिलं आणि काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला, 'जरा भेटून जा.' किंवा हर्नियाच्या ऑपरेशनआधी तपासण्या केल्या आणि डॉक्टर म्हणाले, 'तुम्हाला पांढरी कावीळ आहे, आधी तिचं बघा.' रिपोर्ट चुकलाय हे तुमच्या तोंडून ऐकायला तो आलेला असतो.

वॉर्डातून इथे आलेल्या सिस्टरला हे जड जातं. वॉर्डात रुग्णाला त्रास असतो आणि आपण तो कमी करतो. इथे काहीच त्रास नसलेल्या माणसाला तीन महिने, कधी जन्मभर, गोळ्या घ्यायला लावायच्या असतात. सुरगाण्याहून किंवा नांदगावहून नाशिकची एक फेरी म्हणजे अख्खा दिवस आणि त्या दिवसाची मजुरी. मी या टेबलावर बसायला लागले तेव्हा गोळ्यांनी माझा एकही रुग्ण बिघडला नाही, पण बरेच हरवले. रिपोर्ट खिशात घालून गेले ते गेलेच. त्यामुळे पुढे जे लिहिलंय त्यात डोसांपेक्षा माणूस धरून ठेवण्याचं जास्त आहे.

आधी 'कावीळ' हा शब्द सोडवून घ्या

आपल्याकडे यकृताचं काहीही झालं की ती कावीळच. लोक तिचे पिवळी आणि पांढरी असे दोन भाग करतात, आणि खरं सांगायचं तर ही विभागणी अगदीच टाकाऊ नाही. पिवळी म्हणतात ती बहुतेकदा हिपॅटायटिस ए किंवा ई. दूषित पाण्यातून, अन्नातून येते, डोळे आणि लघवी पिवळी करते, मळमळवते आणि बहुतेकांना काही आठवड्यांत सोडून जाते. पांढरी म्हणजे बी. रक्तातून, शरीरसंबंधातून, आईकडून बाळाला येते, रंग दाखवत नाही आणि वर्षानुवर्षं आत बसून यकृत कडक करत राहते. सी हासुद्धा मुख्यतः रक्तातून येणारा आणि तितकाच गुपचूप, पण त्याला लोकांत नावच नाही. रुग्ण नुसतं 'सी निघालंय' म्हणतात. डी फक्त बी असलेल्यालाच गाठतो.

घोटाळा होतो तो 'पिवळी अंगात मुरली की पांढरी होते' या समजुतीने. मी केसपेपरच्या मागे दोन वेगळे रस्ते काढून दाखवते. एकावर नळ आणि पेला, दुसऱ्यावर सुई आणि रक्ताचा थेंब. चित्र ओबडधोबड असलं तरी चालतं. ते काढताना रुग्ण पुढे वाकून बघतो आणि मग प्रश्न विचारायला लागतो.

इथेच माळेचाही विषय निघतो. डोक्यावर ठेवलेली काविळीची माळ वाढत वाढत गळ्यापर्यंत, मग पोटापर्यंत उतरते, हे अनेकांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. त्यांना खोटं पाडू नका. ओल्या काड्या दोऱ्यात बांधलेल्या असतात, त्या वाळून आकसल्या की गाठी सैल होतात आणि दोरा लांबतो. दाराच्या खिळ्याला टांगली तरी ती वाढणारच. चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं होतं, तीही तशीच करामत. माळेने निदान इजा तरी होत नाही. डागण्या दिल्या असतील किंवा नाका-डोळ्यांत रस घातला असेल तर तेवढं मात्र शांतपणे विचारून केसपेपरवर नोंदवा.

रिपोर्ट वाचून दाखवताना

'एचबीएसएजी पॉझिटिव्ह' म्हणजे बीचा विषाणू आत्ता शरीरात आहे. तो नवा की जुना हे त्या एका चिठ्ठीवरून कळत नाही. सहा महिन्यांनंतरही पॉझिटिव्ह राहिला तर तो दीर्घकाळाचा. 'अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह'चा अर्थ निराळा आहे. सीच्या विषाणूशी कधीतरी गाठ पडली होती, एवढंच ती तपासणी सांगते. काही जणांच्या शरीरातून तो आपोआप निघून गेलेला असतो. आत्ता आहे का, हे रक्तात प्रत्यक्ष विषाणू शोधणाऱ्या आरएनए तपासणीशिवाय ठरत नाही. म्हणून अँटी-एचसीव्हीच्या चिठ्ठीवर कुणालाही 'तुम्हाला सी आहे' म्हणू नका. 'एक तपासणी बाकी आहे, ती झाल्याशिवाय मी नक्की सांगणार नाही' हे वाक्य पाठ करून ठेवा.

पहिली भेट

पहिल्या भेटीला वीस मिनिटं द्या. ओपीडीत गर्दी असते, मला माहीत आहे. मी बाकीच्यांचं वजन, बीपी उरकून घेते आणि नव्या रुग्णाला शेवटी बसवते, म्हणजे मागून कुणी डोकावत नाही. सोबत आलेल्यांना चहाला पाठवा. बायकोसमोर नवरा बोलत नाही, सासूसमोर सून तर नाहीच नाही.

'कुठून लागलं?' हा प्रश्न टाळा. त्यात आरोप आहे, आणि माणूस लगेच कुंपण घालतो. त्याऐवजी सगळ्यांना विचारते तेच तुम्हालाही विचारतेय, असं सांगून एकेक गोष्ट घ्या. कधी रक्त चढवलं होतं का? (सीचा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला. त्याआधी चढवलेल्या रक्ताची सीसाठी तपासणी होणं शक्यच नव्हतं, म्हणून पन्नाशीच्या पुढच्या बायकांचे बाळंतपणाचे जुने किस्से नीट ऐका.) डायलिसिस? वारंवार रक्त लागणारा थॅलॅसेमिया? गावात ताप आला की सुई मारून देणारा कुणी? जत्रेत गोंदवलं? वस्तऱ्याचं ब्लेड बदललेलं असतं का? नशेची सुई कुणाबरोबर वाटून घेतली? आईला किंवा भावंडांना यकृताचं दुखणं होतं? शरीरसंबंधाचा प्रश्न सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात साध्या आवाजात. मान खाली घालून विचारलात तर उत्तरही मान खाली घालूनच येईल.

बऱ्याचदा उगम सापडत नाही. तसं सरळ लिहा आणि पुढे चला. बी असेल तर नवरा किंवा बायको, मुलं, आई आणि भावंडं यांची तपासणी आणि निगेटिव्ह निघालेल्यांना लस, हे त्याच दिवशी तारखेसकट लिहून द्या. तोंडी सांगितलेलं सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, एसटीत बसेपर्यंत निम्मं सांडतं.

रक्त घेण्याच्या दिवशी

एकाच टोचणीत होईल तेवढं उरका. सीबीसी, बिलिरुबिन, एएसटी आणि एएलटी (यकृताची एन्झाइम्स), अल्ब्युमिन, आयएनआर, क्रिएटिनिन, आणि बी, सी, एचआयव्ही तिन्ही. सीचा रुग्ण आहे म्हणून बीची तपासणी गाळायची नाही. सीची औषधं सुरू झाल्यावर दबून बसलेला बी उसळल्याची उदाहरणं आहेत. व्हायरल लोडसाठी, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते मोजण्यासाठी, जांभळ्या टोपणाची ईडीटीए नळी. अख्खं रक्त फ्रीजरमध्ये ठेवायचं नाही, त्याच दिवशी प्लाझ्मा वेगळा करून घ्यायचा. हा नमुना मी सकाळीच घेते. दुपारी घेतलेली नळी कुणाच्या तरी टेबलावर राहते आणि पुढच्या आठवड्यात रुग्णाला पुन्हा पेठहून यावं लागतं. फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारं मशीन) असेल तर आधी तीन तास पोट रिकामं हवं. रुग्ण सकाळी उतरल्या उतरल्या मिसळ खाऊन येतात, म्हणून हे आदल्या दिवशी फोनवर सांगा.

यकृत किती कडक झालंय याचा अंदाज मशीनशिवायही करता येतो, आणि हे गणित सिस्टरला यायलाच हवं. एपीआरआय म्हणतात त्याला. रुग्णाच्या एएसटीला लॅबच्या कमाल मर्यादेने भागायचं, आलेल्या आकड्याला प्लेटलेटच्या हजारांनी भागायचं आणि शंभरने गुणायचं. समजा एएसटी ८०, लॅबची मर्यादा ४० आणि प्लेटलेट १ लाख, म्हणजे शंभर हजार. ८० भागिले ४० म्हणजे २, भागिले १०० आणि गुणिले १०० म्हणजे पुन्हा २. दोनपाशी पोचलेला आकडा सिरोसिसकडे, म्हणजे व्रण पडून कडक झालेल्या यकृताकडे, बोट दाखवतो. निदान डॉक्टर करतील, पण तो केसपेपर गठ्ठ्याच्या वर ठेवणं आपल्या हातात आहे. प्लेटलेट दीड लाखाखाली उतरलेल्या दिसल्या तरी मी थांबते.

गोळ्या समजावताना

देशात विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला. त्याखाली ठरलेल्या केंद्रांवर तपासण्या आणि औषधं मोफत मिळतात. रुग्णाला हे पहिल्या पाच मिनिटांत कळू द्या. त्याने कुणाकडून तरी लाखांचा आकडा ऐकलेला असतो आणि तो मनातल्या मनात जमिनीचा तुकडा विकत असतो. (२८ जुलै ही बीचा विषाणू शोधणाऱ्या बारूक ब्लुमबर्ग यांची जन्मतारीख. त्यांना १९७६ मध्ये नोबेल मिळालं.)

सी बरा होतो. हे वाक्य ठासून म्हणा. सिरोसिस नसेल तर साधारणपणे सोफोसबुविर ४०० मिलिग्रॅम आणि डाक्लाटासविर ६० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, १२ आठवडे. सिरोसिस आहे पण यकृत अजून काम निभावतंय, अशा रुग्णात सोफोसबुविरसोबत वेल्पाटासविर. पोटात पाणी झालेल्या, यकृत थकलेल्या रुग्णात डॉक्टर त्यात रिबाविरिन घालतात किंवा मुदत वाढवतात. रिबाविरिनने हिमोग्लोबिन उतरतं आणि गर्भाला धोका असतो. स्त्री असो वा पुरुष, उपचार चालू असताना आणि नंतर सहा महिने गर्भधारणा टाळायची, हे दोघांना एकत्र बसवून सांगा.

मग रुग्णाची औषधांची पिशवी टेबलावर उलटी करा. तोंडी विचारून भागत नाही. लोक 'बीपीची एक गोळी' म्हणतात आणि पिशवीतून पाच निघतात. टीबीची रिफॅम्पिसिन असेल तर सीचं औषध सुरू करायचं नाही, आधी डॉक्टर. फिटची फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन, तीच गोष्ट. हृदयाची ॲमिओडेरॉन सोफोसबुविरसोबत नाडी धोकादायक मंद करू शकते. वेल्पाटासविर चालू असेल तर ॲसिडिटीच्या गोळीचाही विषय डॉक्टरांपुढे काढा, कारण तिने औषध कमी शोषलं जातं. आपल्याकडे ती गोळी कुणी औषधांत धरतच नाही.

बीचं बोलणं वेगळ्या सुरात करावं लागतं. बी असलेल्या प्रत्येकाला गोळी लागत नाही. व्हायरल लोड, एएलटी आणि यकृताची स्थिती बघून ठरतं. ज्यांना लागत नाही ते सगळ्यात जास्त हरवतात, कारण 'गोळी नाही म्हणजे आजार नाही' असं ते धरून चालतात. त्यांनाही सहा महिन्यांची तारीख द्या. ज्यांना लागते त्यांना टेनोफोविर किंवा एन्टेकाविर. टेनोफोविर डायसोप्रॉक्सिल असेल तर मूत्रपिंडाकडे लक्ष ठेवायचं, म्हणून क्रिएटिनिन चुकवायचं नाही. एन्टेकाविर रिकाम्या पोटी, जेवणानंतर दोन तास आणि पुढच्या खाण्याआधी दोन तास. आठला भाकरी खाणाऱ्याला रात्री दहाची वेळ बरी पडते.

आणि बीची गोळी मनाने बंद करायची नाही. मधुमेहाची गोळी चार दिवस चुकली तर साखर वाढते, पुन्हा घेतली की उतरते. इथे तसं नाही. गोळी अचानक थांबली तर विषाणू उसळतो आणि सिरोसिस असलेल्या माणसाचं यकृत त्यात बंद पडू शकतं. चुकलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर घ्यावी, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

तारखा बागेच्या हिशेबाने

नाशिकचं हवामान पुस्तकात नसतं. ऑक्टोबर छाटणीत निफाड-दिंडोरीचा बागायतदार घर सोडत नाही, आणि जानेवारी ते एप्रिल द्राक्षकाढणीत पेठ-सुरगाण्याचा मजूर त्याच्याच बागेत असतो. चैत्रात वणीची यात्रा. कांदा निघाला की लासलगावकडचे लोक भावाच्या मागे. मी रजिस्टरच्या कोपऱ्यात प्रत्येकाचं पीक किंवा काम लिहून ठेवते आणि सीच्या १२ आठवड्यांची सुरुवात, यकृत धीर धरू शकत असेल तर, त्याच्या मोकळ्या काळात बसवते. सातपूर-अंबडच्या कामगारांना शिफ्ट विचारा.

एक फोन नंबर पुरत नाही. दोन घ्या, आणि फोनवर कुणाशी काय बोललेलं चालेल हेही विचारून घ्या. मी घरच्यांना 'दवाखान्यातून बोलतेय, तारीख आहे' एवढंच सांगते. एकदा एका केंद्रातून कुणीतरी शेजाऱ्याच्या फोनवर आजाराचं नाव घेतलं आणि एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. ती पुन्हा तिथे फिरकली नाही, बऱ्याच दिवसांनी माझ्याकडे आली.

सीची शेवटची गोळी संपली की रुग्ण पेढे घेऊन येतो. पेढा खा, पण खरी परीक्षा अजून १२ आठवड्यांनी असते. तेव्हा आरएनए सापडला नाही तर तो बरा झाला. ही शेवटची तारीख सगळ्यात जास्त चुकते, त्यामुळे पेढ्याच्या दिवशीच ती कॅलेंडरवर गोल करून द्या.

घरी काय चालतं

ताट वेगळं, पेला वेगळा, झोपायला ओसरी. हे सगळं रुग्णाने आल्याआल्याच सुरू केलेलं असतं. बी आणि सी जेवणातून, मिठी मारण्याने, एका खोलीत झोपण्याने, शिंकेने पसरत नाहीत. वेगळं ठेवायचं ते रक्त लागू शकेल असं: दाढीचं ब्लेड, टूथब्रश, नेलकटर. जखम झाकायची. जोडीदाराला बीची लस पूर्ण होईपर्यंत निरोध.

गरोदर बाई बी पॉझिटिव्ह असेल तर तिचा केसपेपर लाल पेनाने मांडा. व्हायरल लोड २ लाखांच्या वर असेल तर साधारण २८व्या आठवड्यापासून डॉक्टर टेनोफोविर देतात. बाळंतपण कुठे होणार हे आधी ठरवून तिथल्या लेबर रूमच्या सिस्टरशी स्वतः बोला. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत लसीचा पहिला डोस, आणि इम्युनोग्लोब्युलिन (बीविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) शक्य तो १२ तासांच्या आत, दुसऱ्या मांडीत. पुढे ६, १०, १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट लस आहेच, तिच्यात बीचीही लस असते. आईने दूध पाजावं. बाळाची तपासणी ९ ते १२ महिन्यांची झाल्यावर करा, आधी नको.

पथ्याचं थोडक्यात. हळद, तेल, तूप बंद करून माणूस उसाच्या रसावर जगतो, आणि तो रस कुठल्या बर्फाचा हे देव जाणे. घरचं साधं जेवण पोटभर खाऊ द्या. दारू पूर्ण बंद. इथे आपल्या गावाची खास अडचण आहे. 'सिस्टर, वाइन तर द्राक्षाचा रस' हे मी किती वेळा ऐकलंय. पेठकडचा रुग्ण मोहाचीबद्दल तेच म्हणतो, ती फुलाची असते ना! यकृताला फळ आणि फूल कळत नाही. काढे आणि चूर्णंही विचारा. गुळवेलीच्या काढ्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले होते. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून घ्यायच्या नाहीत, आणि सिरोसिसमध्ये पॅरासिटामॉल दिवसाला २ ग्रॅमच्या आतच.

थांबायचं नाही अशी लक्षणं

पिवळ्या काविळीचा रुग्ण घरी पाठवताना घरातल्या जागत्या माणसाला हे सांगा: दिवसा झोपतो आणि रात्री जागतो, असंबद्ध बोलतो, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतं. यातलं एक जरी दिसलं तरी तसंच उठून दवाखाना गाठायचा. सिरोसिसवाल्यात रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, ताप आणि पोटदुखी. ओपीडीत दोन्ही हात पुढे करून पंजे वर धरायला सांगा. पंजे फडफडले तर तो रुग्ण घरी जात नाही. त्याला दोन-तीन दिवस शौचाला झालं नसेल तर तेही कारण असू शकतं. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, हिपॅटायटिस ई जीव घेऊ शकतो, म्हणून गरोदर बाईची कावीळ ओपीडीत थांबवून ठेवायची नाही. सिंहस्थासारखी गर्दी असते तेव्हा पाणी उकळण्याचा आग्रह दुप्पट करा. गोदावरीचं तीर्थ तोंडात घेऊ नका असं सांगणं अवघड असतं. मी डोक्याला लावा म्हणते.

सिरोसिस झालेल्याला सी बरा झाल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी लागते, यकृताच्या कर्करोगासाठी. 'बरा झालो ना, मग कशाला?' हा प्रश्न येणारच.

तुमची स्वतःची सुई

बीची लस ०, १ आणि ६ महिन्यांनी, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस, म्हणजे लसीने तयार झालेली प्रतिपिंडं, तपासा. १० किंवा त्याहून जास्त आला की निश्चिंत. सुईला टोपण परत लावायचं नाही, ती थेट पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात. टोचलीच तर साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. पिळू नका, ब्लीच ओतू नका. लगेच कळवा. लस न झालेल्या सिस्टरला बीसाठी लस आणि इम्युनोग्लोब्युलिन शक्य तितक्या लवकर, २४ तासांच्या आत, मिळायला हवं. सीसाठी असं प्रतिबंधक औषध नाही, पुढे तपासण्या करत राहायचं, आणि लागण झालीच तर उपचार आहेत. एचआयव्हीचीही खात्री त्याच वेळी करा. कामाच्या गडबडीत बोट दाबून पुढे गेलेल्या मैत्रिणी मी पाहिल्यात. रात्री घरी आठवतं आणि मग झोप लागत नाही. बीचा विषाणू बाहेर सांडलेल्या रक्तात सात दिवस तग धरतो, त्यामुळे टेबलावरचा वाळलेला डागही हायपोक्लोराइटनेच पुसायचा.

बरा झालेल्याचा कागद

सी बरा झाला तरी अँटी-एचसीव्ही पुढेही पॉझिटिव्हच येत राहतो, बहुतेकांना जन्मभर. दोन वर्षांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला किंवा नोकरीच्या मेडिकलला कुणीतरी ती तपासणी करतं, आणि बरा झालेला माणूस घाबराघुबरा होऊन पुन्हा तुमच्या दारात येतो. म्हणून १२ आठवड्यांचा निगेटिव्ह रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांच्या सहीने एक पत्र तयार करा. उपचार कोणता, कधी संपला, आरएनए कोणत्या तारखेला सापडला नाही, आणि 'अँटी-एचसीव्ही यापुढेही पॉझिटिव्ह येऊ शकते, आत्ताची स्थिती बघायची असेल तर आरएनए करावे.' याच्या दोन प्रती काढा. एक लॅमिनेट करून द्या, दुसरीचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये तुमच्यासमोर काढून घ्या. लॅमिनेशनचे पैसे मी माझ्या पर्समधून देते. पावसाळ्यात सुरगाण्याच्या घरात साधा कागद टिकत नाही.